बारावीनंतर फायर इंजिनीअरिंग: नागपूरची पदवी, खासगी डिप्लोमा आणि पुढची नोकरी

गोदाकाठ

नमस्कार. माझी मुलगी नाशिकमध्ये बारावी विज्ञान शाखेत शिकते. गणित आणि भौतिकशास्त्र हे तिचे आवडते विषय असून जेईई आणि राज्याची सीईटी अशा दोन्ही परीक्षा ती देणार आहे. काही महिन्यांपूर्वी तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात अग्निशमन दलाच्या जवानांनी प्रात्यक्षिक दाखवले आणि तेव्हापासून तिने फायर इंजिनीअरिंगचाच ध्यास घेतला आहे. घरात मात्र यावर एकमत नाही. सासरे म्हणतात, आग विझवायला पाणी लागते, इंजिनीअर कशाला हवा? यजमानांचे म्हणणे असे, की इतक्या अरुंद विषयात पदवी घेतली आणि पुढे मन रमले नाही, तर परतीची वाट राहणार नाही. त्यापेक्षा तिने मेकॅनिकल घ्यावे आणि हे नंतर पाहावे.

मला स्वतःला या क्षेत्राची काहीच माहिती नाही. नागपूरला केंद्र सरकारचे महाविद्यालय आहे, एवढे ऐकून आहे. तेथे नेमके काय शिकवतात, पदवीनंतर महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाखेरीज कोठे कोठे काम मिळते आणि मुलींना त्यात कितपत वाव आहे, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट विचारायची आहे. आमच्या भागात एका खासगी संस्थेचा फलक लागला असून त्यावर ‘एक वर्षाचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असे लिहिलेले आहे. चार वर्षे घालवण्यापेक्षा हे बरे, असे शेजारी सुचवतात. हा डिप्लोमा आणि पदवी यांत फरक काय?

जुना_नागपूरकर

ताई, आपल्या सासऱ्यांचा प्रश्न मला माझ्या आजोबांनीही विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार आहे. आग विझवायला पाणीच लागते हे खरे. परंतु ते पाणी विसाव्या मजल्यावर, पुरेशा दाबाने, वीज गेलेली असताना आणि रखवालदार गोंधळून गेलेला असताना पोहोचावे, याची तजवीज इमारत उभी राहण्याच्या आधी कागदावर करावी लागते. ती करतो तो फायर इंजिनीअर. आग लागल्यावर धावून जाणारा जवान आणि आग लागलीच तर माणसे कोणत्या जिन्याने किती वेळात खाली उतरतील याचा हिशेब मांडणारा अभियंता, ही दोन वेगळी आयुष्ये आहेत. नागपूरची पदवी दोन्हींची ओळख करून देते, पण आमच्या तुकडीतल्या बहुतेकांचे आयुष्य दुसऱ्या वाटेने गेले. आपल्या मुलीने पाहिलेले प्रात्यक्षिक पहिल्या वाटेचे आहे. हा फरक तिला आत्ताच कळलेला बरा, कारण माझ्या वर्गातले चार-पाच जण निव्वळ गणवेशाच्या ओढीने आले होते आणि पाइपमधल्या घर्षणाची गणिते सुरू झाल्यावर पार हिरमुसून गेले.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ते १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला हलवण्यात आले. देशभरातल्या अग्निशमन दलांतील आणि सार्वजनिक उपक्रमांतील माणसे तेथे सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर अशा अभ्यासक्रमांसाठी येतात. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेला बी.ई. फायर हा त्याच संस्थेचा पदवी अभ्यासक्रम. त्याचा एक मोठा फायदा असा, की ज्या मैदानावर एकोणीस वर्षांचा विद्यार्थी ड्रिल करतो, त्याच मैदानावर पंधरा वर्षे नोकरी केलेला अधिकारीही घाम गाळत असतो, आणि रात्री मेसमध्ये त्याच्या तोंडून जे ऐकायला मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते. प्रवेशाची पद्धत मधल्या काळात बदललेली आहे आणि गुणांबरोबर शारीरिक निकषही असतात. म्हणून माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नका, त्या वर्षीचे माहितीपत्रक मुळातून वाचा. नागपूरखेरीज कोचीच्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सेफ्टी अँड फायर इंजिनीअरिंगचा बी.टेक. बऱ्याच वर्षांपासून चालतो आणि तेथे औद्योगिक सुरक्षेवर अधिक भर असतो. देहरादूनच्या एका खासगी विद्यापीठातही असा अभ्यासक्रम आहे, पण शुल्काचा आकडा पाहूनच पुढचा विचार करावा.

आता अभ्यासाविषयी. पहिले वर्ष इतर शाखांसारखेच जाते. त्यानंतर द्रवयांत्रिकी, उष्मागतिकी आणि पंप हे मेकॅनिकलमधून येतात, बांधकामाचे साहित्य आणि नकाशे सिव्हिलमधून, डिटेक्टर आणि अलार्मची पॅनेल इलेक्ट्रिकलमधून, तर ज्वलनाचे शास्त्र रसायनातून. आपल्या यजमानांना शाखा अरुंद वाटते. माझी तक्रार उलट आहे, ती जरा जास्तच पसरट आहे, आणि म्हणून विद्यार्थ्याने कोणता तरी एक धागा स्वतःहून खोलवर शिकावा लागतो.

त्या शास्त्राची गोडी कशात आहे, त्याचा एक नमुना देतो. बंद खोलीत आग लागली, की तापलेला धूर आधी छताखाली साचतो आणि त्याचा थर हळूहळू खाली उतरू लागतो. हा थर साधारण ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापला, की त्याच्या धगीने खोलीतले सगळे सामान जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीतल्या माणसाला वाचवण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे डिटेक्टर किती सेकंदांत वाजावा, स्प्रिंकलर (छतावरचा पाण्याचा फवारा) केव्हा उघडावा, दरवाजा किती अंतरावर असावा, हे सगळे हिशेब त्या क्षणाच्या अलीकडे बसवावे लागतात. सिनेमात एकाने काडी ओढली की अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो, ते साफ खोटे आहे. स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची इवलीशी नळी असते. लाल रंगाची असेल तर ती ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला, आणि ज्याची नळी फुटेल तेवढाच स्प्रिंकलर उघडतो.

अंगमेहनतही आहे. पहाटे पीटी, मग होज ड्रिल, शिडीची ड्रिल, श्वसनयंत्र चढवून धुराच्या खोलीतून रांगत जाणे. ६३ मिलिमीटरच्या होजला पंपाने दाब दिला, की आतापर्यंत चपटा पडलेला कापडी पाइप सापासारखा फुगून उठतो आणि ब्रँच, म्हणजे पाइपच्या टोकाची नळी, धरणाऱ्याला मागे रेटतो. पहिल्या दिवशी आमच्यातला सर्वांत धिप्पाड मुलगा चिखलात बसला होता, आणि एका सडपातळ मुलीने पाय रोवून, ब्रँच काखेत घट्ट धरून ती पेलली. उस्तादांनी काहीच भाष्य केले नाही, फक्त त्याला पुन्हा उभे केले.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला. त्या २००२ मध्ये तेथे दाखल झाल्या तेव्हा सगळी तुकडी मुलांची होती. पुढे २००६ मध्ये त्या ओएनजीसीत अग्निशमन अधिकारी झाल्या. त्यानंतर अनेक मुलींनी ही वाट धरली. असे असले तरी शिफ्टची नोकरी, रिफायनरीतली रात्रपाळी आणि कंट्रोल रूममधली पुरुषी वर्दळ यांची तयारी मनाशी असावी; हे काही नसते असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही.

नोकऱ्यांपैकी मोठा वाटा तेल, वायू, खत, वीज आणि बंदरे या क्षेत्रांत आहे. मी स्वतः नऊ वर्षे एका रिफायनरीच्या फायर सेक्शनमध्ये होतो. तेथे रोज आग लागत नाही, लागूही नये. दिवसाचा बहुतेक वेळ हॉट वर्कचे (वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामांचे) परमिट तपासण्यात, फोम टेंडर (फेस मारणारी गाडी) आणि मॉनिटर (पाण्याची तोफ) चालवून पाहण्यात आणि वेल्डिंगच्या ठिणग्या कोठे उडतील याचा अंदाज बांधण्यात जातो. ज्यांना सतत थरार हवा असतो ते दोन वर्षांत कंटाळतात. विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (फायर सर्व्हिसेस) या पदासाठी फायर इंजिनीअरिंगबरोबर मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलची पदवीही चालत आलेली आहे, त्यामुळे यजमानांचा मेकॅनिकलचा पर्याय अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. विमानतळावरचे काम मला सर्वांत शिस्तीचे वाटते, कारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पहिली गाडी तीन मिनिटांच्या आत पोहोचावी लागते आणि त्याचा सराव घड्याळ लावून घेतला जातो. महानगरपालिका, एमआयडीसीची अग्निशमन केंद्रे आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा ही आणखी ठिकाणे. महापालिकेत अधिकारी म्हणून गेल्यास आगीइतकाच वेळ इमारतींचे नकाशे तपासून ना हरकत दाखला देण्यात जातो. जिन्याची रुंदी, अग्निशमन वाहन वळेल एवढा मोकळा रस्ता, रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित मोकळी जागा), पाण्याच्या टाकीची क्षमता, हे सगळे नकाशावर बघावे लागते आणि बिल्डरच्या माणसाला नाही म्हणण्याची हिंमत लागते.

शीवकर

वरील उत्तर सविस्तर आहे, म्हणून मी फक्त डिप्लोमाविषयी लिहितो, कारण त्या फलकांनी पुष्कळ घरांचे पैसे बुडवले आहेत. माझ्या धाकट्या भावाने अशाच एका संस्थेत वर्षभर शुल्क भरले. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ आठवड्यातून दोनदा येत, प्रात्यक्षिकासाठी तीन अग्निशामक सिलिंडर होते आणि त्यांतले दोन रिकामे. शेवटी ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून त्याला एका बांधकामाच्या जागेवर हेल्मेट वाटायला आणि रजिस्टर भरायला ठेवले. तेथे वर्षभर काढून त्याने पुन्हा परीक्षा दिली आणि रीतसर मार्ग धरला, पण मधली दोन वर्षे गेली ती गेलीच.

ताई, असा कोणताही अभ्यासक्रम दिसला, की एकच प्रश्न विचारावा: या प्रमाणपत्राच्या बळावर माझी सही कोठे चालेल? या क्षेत्रात सगळा खेळ सहीचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते, आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत द्यावे लागते. लोक त्याला फॉर्म बी म्हणतात. त्यावर सही करण्याचा अधिकार राज्याच्या अग्निशमन संचालनालयाने परवाना दिलेल्या एजन्सीला असतो, रस्त्यावरच्या डिप्लोमाधारकाला नव्हे.

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर हे तर निराळेच पद आहे. ते कारखाना अधिनियम, १९४८ मधून आले आणि त्याच्या पात्रतेसाठी विज्ञान वा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी, अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते. ती मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत किंवा राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेने चालणाऱ्या संस्थांत करता येते. मी तीच केली. आमच्या वर्गात कोणी बी.ई. होते, कोणी कारखान्यातून सुट्टी घेऊन आलेले. बारावीनंतर थेट तेथे जाण्यात अर्थ नाही.

ज्यांना खरोखर जवान किंवा कनिष्ठ अधिकारी म्हणून गणवेश चढवायचा आहे, त्यांच्यासाठी मुंबईत कालिना येथे राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आणि एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी अभ्यासक्रम तेथे चालतात, आणि पालिकांच्या भरतीच्या जाहिरातींत त्यांचाच उल्लेख असतो. शेजाऱ्यांना कमी काळाचा अभ्यासक्रमच हवा असेल तर हा दाखवा.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना पाण्याचे उत्तर वाचून दाखवले. ते हसले आणि “विसाव्या मजल्यावर राहायला सांगितलंय कोणी” एवढेच म्हणाले. मुलीने आणखी दोन शंका विचारल्या आहेत. रिफायनरी आणि महापालिका यांच्या पलीकडे, गणित आणि विश्लेषण अधिक लागेल असे काम कोणते? आणि या विषयात पुढे परदेशी शिकता येते का?

गोदामफेरी

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण मी विमा क्षेत्रात जोखीम तपासणीचे काम करतो. माझी पदवीही फायरचीच. कारखान्याचा किंवा गोदामाचा मोठा विमा उतरवण्यापूर्वी कंपनी आम्हाला जागा पाहायला पाठवते. आग लागलीच तर ती कोठवर पसरेल, मधली भिंत तिला किती वेळ अडवेल आणि एका घटनेत जास्तीत जास्त किती रकमेचे नुकसान होऊ शकेल, याचा अंदाज आम्ही आकड्यांत मांडतो, आणि त्यावर हप्ता व अटी ठरतात.

भिवंडीच्या एका गोदामातला गेल्या पावसाळ्यातला दिवस सांगतो. मालकाने अभिमानाने सांगितले, की आमच्याकडे संपूर्ण स्प्रिंकलर आहेत. होतेच. पण खोक्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या आणि स्प्रिंकलरची तोंडे खोक्यांत रुतून बसली होती. पाण्याचा छत्रीसारखा फवारा पसरायचा, तर तोंडाखाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर पाणी एका खोक्याला भिजवते आणि शेजारचे जळत राहते. मी टेप लावून अंतर मोजले तर ते चार बोटांचे निघाले. फायर डोअर आपोआप बंद व्हायला हवे, तेथे हवा खेळावी म्हणून वीट लावून ते कायमचे उघडे ठेवलेले. हायड्रंट व्हॉल्व्ह, म्हणजे आगीसाठी पाणी घ्यायचा नळ, पॅलेटच्या मागे, हात पोहोचणार नाही असा. कागदावर मात्र सगळे होते, आणि शीवकरांनी म्हटलेल्या सहीसकट होते. म्हणून मी त्यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो: सहीचा अधिकार मिळणे हे पदवीचे फळ खरे, पण ती सही केव्हा करायची नाही हे कळणे हा या नोकरीचा अवघड भाग आहे. माझ्या अहवालामुळे त्या गोदामाचा व्यवहार दोन महिने अडला आणि माझ्याच कार्यालयातले विक्रीचे लोक माझ्याशी धड बोलत नव्हते.

फायर ऑडिटचे कामही याच्याशी मिळतेजुळते आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या. तेव्हापासून रुग्णालयांच्या तपासणीला जी निकड आली ती अजून ओसरलेली नाही. अतिदक्षता विभाग हा अभियंत्यासाठी कठीण प्रश्न आहे, कारण तेथले रुग्ण उठून पळू शकत नाहीत आणि हवेत प्राणवायू जास्त असल्याने साधी ठिणगीही भडकते. अशा ठिकाणी ‘सगळ्यांनी बाहेर पडा’ ही योजना चालत नाही. त्याच मजल्यावर आग आणि धूर अडवणाऱ्या भिंतीपलीकडे खाटेसकट सरकता येईल असा दुसरा कक्ष आखावा लागतो. आपल्या मुलीला गणिताबरोबर अशा कोड्यांची आवड असेल तर ती येथे रमेल.

पुण्या-मुंबईतल्या एमईपी (इमारतींची यांत्रिक, विद्युत आणि नळकाम व्यवस्था आखणाऱ्या) सल्लागार कंपन्यांत हायड्रंट आणि स्प्रिंकलरच्या रचनेचे काम भरपूर आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग, भारतीय मानके आणि परदेशी कामांसाठी अमेरिकेची एनएफपीए १३ व ७२ ही मानके, एवढे ज्याच्या हाताखालून गेले त्याला आखाती देशांतही मागणी असते.

उत्तरसमुद्र

दुसरी शंका माझ्या वाट्याची. मी सांगलीची, पुण्यात मेकॅनिकल केले आणि नंतर युरोपातला फायर सेफ्टी इंजिनीअरिंगचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय मास्टर्स केला. तो बेल्जियममधील घेंट, स्कॉटलंडमधील एडिंबरा आणि स्वीडनमधील लुंड ही तीन विद्यापीठे मिळून चालवतात आणि विद्यार्थी त्यांच्यात फिरत शिकतो. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाचा फायर प्रोटेक्शन इंजिनीअरिंग विभाग १९५६ चा, म्हणजे आपल्या नागपूरच्या महाविद्यालयाच्याच वयाचा. वूस्टर पॉलिटेक्निकमध्येही या विषयातले पदव्युत्तर शिक्षण आहे. माझ्या वर्गात फायरची पदवी घेतलेले थोडे होते. बहुतेक जण मेकॅनिकल, सिव्हिल आणि केमिकलचे, एक तर वास्तुविशारद. त्यामुळे यजमानांच्या शंकेला माझे उत्तर असे, की मेकॅनिकल करूनही या विषयात येता येते, फक्त नागपूरच्या मैदानावर जे अंगात मुरते ते आम्हाला नंतर कधीच मिळत नाही. धुराच्या खोलीतून रांगत गेलेल्या सहकाऱ्याची गणिते माझ्यापेक्षा जास्त सावध असतात, हे मी पाहिले आहे.

सध्या मी लंडनमध्ये एका सल्लागार कंपनीत आहे. आमच्या कामाचा गाभा दोन वेळांच्या तुलनेत आहे. आग लागल्यापासून धूर माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत उतरायला किती वेळ लागेल, हा एक. आणि अलार्म ऐकून, “खरंच आग आहे का” असे एकमेकांना विचारून, पर्स उचलून, जिना शोधून बाहेर पडायला किती वेळ लागेल, हा दुसरा. पहिला दुसऱ्यापेक्षा पुरेशा फरकाने मोठा निघाला तरच आराखडा टिकतो. गंमत अशी, की दुसऱ्या वेळेतला मोठा भाग चालण्याचा नसून उठण्याचा असतो. धुराचे गणित मांडण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची एफडीएस नावाची आज्ञावली वापरतात. ती फुकट मिळते, मुलीला पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच तिच्याशी खेळायला सांगा.

येथे या पेशाला आलेले वजन एका दुर्घटनेतून आलेले आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून आग वर चढत गेली आणि ७२ माणसे गेली. त्यानंतर २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला. आता १८ मीटर किंवा सात मजल्यांपेक्षा कमी नसलेल्या निवासी इमारतींचा आराखडा बांधकाम सुरू होण्यापूर्वी नियामकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तेवढे काम वाढले आणि त्याबरोबर जबाबदारीही. खर्चाचा हिशेब मात्र आधी मांडा. शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. पदवीनंतर दोन-तीन वर्षे भारतात काम करून मग अर्ज केल्यास निवड होण्याची शक्यता वाढते आणि आपल्याला नेमके काय शिकायचे आहे हेही उमगलेले असते.

जुना_नागपूरकर

उत्तरसमुद्र यांच्या म्हणण्यात एक गोष्ट घालतो. मुलीची आवड गणवेशाची आहे की विषयाची, हे तपासायला नागपूरला जाण्याचीही गरज नाही. आपल्या इमारतीत हायड्रंट यंत्रणा असेल तर सचिवांची परवानगी घेऊन, प्लंबरला सोबत घेऊन तिला पंप रूममध्ये न्या. कशालाही हात न लावता अर्धा तास नुसते पाहू द्या. बाहेर आल्यावर ती काय विचारते, त्यावरून आपल्याला अंदाज येईल.

गोदाकाठ

काल रविवारी जाऊन आलो. आमची इमारत बारा मजली आहे. तळाशी मोठा विजेवर चालणारा पंप, त्याच्या शेजारी डिझेलचा आणि एक छोटा जॉकी पंप, असे तीन पंप आहेत. मुख्य पाइपवरच्या दाबमापकाचा काटा शून्यावर होता. प्लंबर म्हणाला, पंप बंद आहेत म्हणून शून्य, त्यात काय. मुलीचे मात्र समाधान झाले नाही. तिने घरी येऊन कागदावर गणित मांडले: इमारत सुमारे ३६ मीटर उंच आहे, पाइप वरपर्यंत पाण्याने भरलेला असेल तर पंप बंद असतानाही नुसत्या पाण्याच्या उंचीमुळे तळाशी दाब दिसायला हवा, मग शून्य कसा? तिचे बरोबर आहे का, हे तिने विचारायला सांगितले आहे.

जुना_नागपूरकर

तिचे अगदी बरोबर आहे आणि प्लंबरचे चूक. दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब, या हिशेबाने तिच्या ३६ मीटरला मापकावर साडेतीन किलोच्या वर दाब पंपाशिवाय दिसला पाहिजे. जॉकी पंप ऑटोवर असेल तर त्याहूनही बराच जास्त, कारण तो पंप असतोच मुळी पाइपमधला दाब टिकवून धरायला. काटा शून्यावर आहे याचे तीनच अर्थ होतात: मापकाखालचा छोटा कॉक कोणी तरी बंद केला आहे, मापक बिघडला आहे, किंवा राइझर (मजल्यांवर पाणी नेणारा उभा पाइप) रिकामा आहे. पहिल्या दोन गोष्टी दहा मिनिटांत तपासून होतात. तिसरी निघाली, तर जॉकी आणि मुख्य पंपाचे सिलेक्टर स्विच ऑटोवर आहेत की ऑफवर, भूमिगत टाकीत पाणी किती आहे आणि एखाद्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) गळतो आहे का, हे या क्रमाने पाहावे लागेल. बहुतेक ठिकाणी जॉकी पंप रात्री आवाज करतो म्हणून कोणी तरी तो ऑफ केलेला असतो आणि ज्या गळतीमुळे तो सारखा चालू-बंद होत होता, ती तशीच राहते.

सचिवांना पत्र द्या आणि आपल्या एजन्सीला या आठवड्यातच बोलवायला सांगा. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा गच्चीवरचा हायड्रंट उघडून दाखवायला लावा; तळाचा उघडून दाखवून चालणार नाही. जुलैच्या फॉर्म बीची प्रतही मागून घ्या आणि त्यावर कोणत्या तारखेला किती दाब नोंदवला आहे, हे मुलीलाच वाचू द्या.